खोबऱ्याखालची दीडशे कलमं

आबांनी दीडशे कलमं आणली तेव्हा माय जाऊन अकरा महिने झाले होते.

मी धुळ्यात एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते. एकटीच राहते. दर रविवारी सकाळच्या बसने तापी ओलांडून शिरपूरला, तिथून काळीपिवळीने सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या शेतावर जायचं आणि संध्याकाळी परतायचं, असा माय गेल्यापासूनचा नेम होता. आबा शेतावर एकटे राहत. वय एकोणऐंशी, कान जवळजवळ गेलेले, कानातलं यंत्र कायम सदऱ्याच्या खिशात. एप्रिल संपत आला होता. फाटकातून आत शिरले तर विहिरीजवळच्या मोठ्या आंब्याखाली काळ्या पिशव्यांच्या रांगा लागलेल्या, आणि त्यांच्या मधोमध आबा उकिडवे बसून झारीने एकेका पिशवीत पाणी घालत होते.

"हे काय आबा?"

"केशर शे. दीडशे कलमं." त्यांनी मान वर केली नाही. "पावसाळामा चांगला माल उरत नही. आतेच लई उनू."

दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. माय गेल्यावर सहा महिने हा माणूस खाटेवरून उठत नव्हता, जेवायला बसवलं तर ताटाकडे बघत राहायचा. आणि आता त्याच्या हाताला माती लागली होती. पण मला आनंद झाला नाही. दीडशे कलमं म्हणजे दीडशे खड्डे, आणि पुढची तीन वर्षं दर उन्हाळ्यात दीडशे आळ्यांना पाणी. ते घालणार कोण?

आबांना झाडं लावायचा नाद होता. जगवायचं काम मायचं. सूतगिरणीत फिटर असताना त्यांनी या तुकड्यात गावठी आंब्याची सव्वीस झाडं लावली, तेव्हा मी पाच-सहा वर्षांची होते. लावून झाली की त्यांचं लक्ष पुढच्या कशावर तरी गेलेलं असायचं. मग लिंबू आले, चिकू आले, बांधावर सीताफळ आलं, एका वर्षी फणसही आला आणि गेला. माय मात्र मागच्याच झाडांपाशी राहिली. विहीर आटली त्या उन्हाळ्यात तिने शेजारच्या शेतातून कळशीने पाणी आणून सव्वीसही झाडं वाचवली होती. पुढे बोअर झालं, ठिबकच्या नळ्या आल्या, तरी ती रोज सकाळी झाडांवरून फेरी मारायचीच. वाळलेलं काढायची, बांडगूळ दिसलं की आकडी लावून ओढायची, बुंध्याशी वाकून बघायची. काय बघते ते मी कधी विचारलं नाही.

गावठी आंब्याचं प्रत्येक झाड वेगळ्या चवीचं, म्हणून प्रत्येकाला नाव होतं. विहिरीजवळचा तो मोठा, तो खोबऱ्या. त्याची कैरी खोबऱ्यासारखी कुरकुरीत लागायची. त्याच्याच सावलीत आबांनी पिशव्या मांडल्या होत्या, कारण तेवढी गार, दाट सावली शेतात दुसरीकडे कुठेच नव्हती.

त्या दिवशी मी मायसारखी फेरी मारली. अकरा महिन्यांत कुणी मारली नव्हती. तीन झाडांचे शेंडे वाळून काटक्या झाले होते. दोन झाडांवर बांडगूळ इतकं माजलेलं की आंब्याचं पान कुठलं आणि त्याचं कुठलं हे ओळखू येईना. ठिबकच्या नळ्या जुन्या झाडांकडून सोडवून, गुंडाळून विहिरीच्या काठावर ठेवलेल्या होत्या, नव्या खड्ड्यांसाठी. आणि खोबऱ्याच्या बुंध्याशी, मुळांच्या खाचेत, ओलसर भुशाचा एवढा ढीग पडला होता. लाकूड करवतीने कापल्यावर पडतो तसा. वर खोडाला बोटभर भोकं, आणि त्यांतून चॉकलेटी पाणी ओघळून वाळलेलं.

कलमं उतरवायला म्हणून वरच्या पाड्यावरचे आमचे गडी, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, ते आले होते. आठवड्यातून तीन दिवस ते आमच्याकडे कामाला येत. मोहाची फुलं, चारोळी वेचणाऱ्या घरात वाढलेले, झाडातलं त्यांना कळायचं. मी त्यांना हाक मारली. त्यांनी भुसा चिमटीत घेऊन बघितला, मग कुऱ्हाड उलटी धरून तिच्या पाठीने खोडावर ठोकलं. खाली ठोकलं तेव्हा टणक आवाज आला. डोक्याच्या उंचीला, जिथून मोठी आडवी फांदी फुटते तिथे ठोकलं, तर रिकाम्या पिंपावर मारल्यासारखा भद्द आवाज झाला.

"ताई, हाई मझारतीन पोकळ शे," ते म्हणाले. "किडा लागेल शे. बराच दिननी गोष्ट."

"पडेल?"

त्यांनी वर बघितलं. फांदी आबांच्या आणि पिशव्यांच्या बरोबर वरून गेलेली होती. "सांगता येत नही."

मी आबांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं. झाड आतून खाल्लंय. फांदी काढून घेऊ, औषध घालू. तोवर पिशव्या कडुलिंबाखाली हलवू.

आबा हसले. "तू घाबरस कितली! बेचाळीस वरीसनं झाड शे ते. जुनं झाड सोताच पानी शोधी लेस, सोताच बरं व्हई जास. नव्या रोपाले कोन शे?"

"आणि ह्याला कोण आहे?"

ते त्यांना ऐकू गेलं नाही. किंवा गेलं असेल. त्यांनी झारी उचलली आणि पुढच्या रांगेकडे सरकले.

इथे मी कबूल करते की मीही जोर धरला नाही. भाऊंना म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू. संध्याकाळची बस होती. आणि खरं सांगायचं तर त्या फांदीला हात लावायचीच मला भीती वाटत होती. मायने सांभाळलेलं झाड मी तोडायला लावलं, हे आबा कधी विसरले नसते.

पुढचे तीन आठवडे दुकानात माझं लक्ष नव्हतं. समोरचा माणूस फळ्यावरची अक्षरं वाचत असायचा, आणि मला तो भद्द आवाज ऐकू यायचा. दुपारी फोन लावायचे. आबांचा फोन खुंटीवरच्या सदऱ्यात, सदरा घरात, आणि आबा झाडाखाली. वाजून वाजून बंद व्हायचा. मग मी पाड्यावर भाऊंना फोन करायचे. "आबा बरा शेतस," एवढं ऐकलं की पाच मिनिटं बरं वाटायचं. एका रविवारी मी स्वतः दहा-बारा पिशव्या उचलून कडुलिंबाखाली नेल्या. पुढच्या खेपेला त्या परत खोबऱ्याखाली होत्या.

मेच्या तिसऱ्या रविवारी ते झालं.

सकाळी अकरालाच ऊन असं होतं की अंगणात अनवाणी पाय ठेववत नव्हता. पान हलत नव्हतं. मी चुलीपाशी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होते. दारातून खोबऱ्या दिसत नाही, मध्ये गोठ्याची भिंत येते. पण आबांचं खोकणं अधूनमधून ऐकू येत होतं, आणि मी त्या खोकल्यावर कान ठेवून होते. तिसरी भाकरी तव्यावर टाकली आणि बाहेर जाड कापड कुणीतरी सावकाश टराटरा फाडत असल्यासारखा आवाज झाला. तो लांबत गेला. मला वाटलं, ताडपत्री फाटली. मग जमीन हादरली, आणि पत्र्यावर काहीतरी गारांसारखं ताडताड पडलं.

कैऱ्या होत्या.

मी धावत गोठ्याला वळसा घातला. विहिरीजवळ जिथे सावली होती तिथे आता घराएवढा हिरवा ढिगारा पडला होता. त्यावर धूळ तरंगत होती. वर, खोडाला जिथून फांदी तुटली तिथे, काळी पोकळी दिसत होती, माणूस बसेल एवढी.

"आबा!"

मी माझ्या आयुष्यात इतक्या मोठ्याने ओरडले नव्हते. पण ज्याला ऐकूच येत नाही त्याला हाका मारून काय कळणार? तो जिवंत असून उत्तर देत नाही, की मेलाय म्हणून देत नाही, हे मला समजायला मार्गच नव्हता. मी ढिगाऱ्याभोवती पळत एक चक्कर मारली. मग वाटलं, ते खड्ड्यांकडे गेले असतील. तिकडे बघितलं. कुणी नव्हतं. घरात? घरातून तर मीच आले होते. मोटरच्या खोलीत? तिच्या दाराला बाहेरून कडी लावलेली.

मग मी फांद्यांत शिरले. लाल मुंग्यांनी हात-मान धरली. तुटलेल्या देठांचा चीक डोळ्यात गेला, जळजळून पाणी यायला लागलं. पानं बाजूला केली की मागे पुन्हा पानंच. पायाखाली फुटलेल्या पिशव्या, माती, चेंगरलेली कलमं. आणि तेव्हा माझ्या मनात जे आलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मला राग आला. रडू नाही, राग. मी सांगितलं होतं ना, मी सांगितलं होतं ना, असं मी मोठ्याने म्हणत होते, आणि त्याच वेळी मला माहीत होतं की मी नीट सांगितलं नव्हतं, मी बस पकडली होती.

आधी एक चप्पल दिसली. नुसती चप्पल, उलटी. त्यापुढे हातभर अंतरावर धोतराचा सोगा.

तो सोगा हातात धरून मी थांबले. पुढची फांदी बाजूला केली की जे दिसेल ते बघायचं धैर्य माझ्यात नव्हतं. किती वेळ थांबले माहीत नाही. कदाचित एक श्वासभर.

पलीकडून खोकला आला.

आबा पालथे पडले होते. फांदीला जिथे बेचका होता, बरोबर त्या बेचक्यात त्यांचं डोकं आणि खांदे आले होते. बेचक्याचा एक हात त्यांच्या डाव्या बाजूला जमिनीत रुतला होता, दुसरा उजव्या बाजूला. पण मागचा जाड भाग त्यांच्या पायावर होता. तोंड मातीने भरलेलं. मी ओढणीच्या टोकाने ते पुसलं.

"पाय," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "रोपं कितली गयात?"

मी फांदीला खांदा लावला. ती तसूभरही हलली नाही, नुसती कुरकुरली, आणि त्या कुरकुरीने आबा ओरडले. मी हात काढून घेतला. त्यानंतर मला कशालाही हात लावायची भीती वाटू लागली.

बांधापलीकडच्या शेतात केळीला पाणी चालू होतं. मी तिकडे धावले. तिथली चार माणसं आली, दोन बाया आल्या. कुणीतरी ट्रॅक्टर आणायला गेलं. मी भाऊंना फोन लावला तेव्हा नीट बोलताही येईना. "पडली," एवढंच म्हटलं. ते पुढचं विचारत बसले नाहीत.

ट्रॅक्टर आधी आला. साखळी बांधली, ओढणारच होते, तेवढ्यात भाऊंची मोटरसायकल बांधावरून थेट शेतात शिरली. गाडी तशीच आडवी टाकून ते धावत आले आणि ट्रॅक्टरसमोर हात पसरून उभे राहिले.

"ओढू नका! गोल फिरी आनि अंगवर जाई!"

मी बघितलं. खरंच, ओढली असती तर फांदी लोळून बेचक्याचा एक हात आबांच्या पाठीवर गेला असता. जी गोष्ट आम्ही सगळे वाचवायला म्हणून करत होतो तीच त्यांना मारणारी होती. मी मातीत बसले आणि आबांचा हात धरला. तोच काय तो मला करता येण्यासारखा उद्योग उरला होता.

भाऊंनी आधी फांदीखाली दोन्हीकडे जाड टेकू ठोकले. मग शेंड्याकडून छाटायला सुरुवात केली. एकेक डहाळी वजन कमी करत करत. घाई अजिबात नाही. दर घावाला फांदी थरथरायची आणि ती थरथर आबांच्या हातातून माझ्या हातात यायची. वर पोकळीत काहीतरी अजून तडतडत होतं. उरलेलं खोडही आत्ता येतंय की काय म्हणून सगळे मधूनमधून वर बघत. फक्त भाऊ बघत नव्हते. अर्धा तास तरी गेला असेल. शेवटी त्यांनी मागचा भाग तोडून चौघांकडून उचलून धरवला, आणि मी व त्या दोन बायांनी आबांना काखेत धरून बाहेर ओढलं.

शेजाऱ्यांच्या पिकअपमध्ये गादी टाकून आम्ही शिरपूरला नेलं, तिथून धुळ्याला. उजव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली होती, दोन बरगड्या. पायात सळई घातली. डॉक्टर म्हणाले, या वयात हाडापेक्षा पडून राहण्याची भीती जास्त. छातीत कफ भरतो. म्हणजे नवी भीती. पुढचे चार महिने आबा माझ्या दोन खोल्यांत, खिडकीजवळच्या पलंगावर, आणि मी त्यांचा श्वास ऐकत.

शेताकडे मात्र कुणीतरी जायलाच हवं होतं. जूनच्या पहिल्या रविवारी शेजारणीला आबांपाशी बसवून मी गेले. भाऊ आले होते. आम्ही दोघं सव्वीसही झाडांखाली फिरलो. ते ठोकायचे, मी ऐकायचे. झाडाखाली शिरताना माझी मान आपोआप खांद्यांत जायची. नऊ झाडं पोकळ बोलली. त्यांतल्या एकाला भाऊंनी मला कान लावायला सांगितलं.

मी लावला. साल गरम होती. आधी काही नाही. मग आत खोल कुठेतरी, अगदी बारीक, करकर करकर. कुणीतरी सुपारी कातरत बसल्यासारखं. थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं.

"खाई राहिना," भाऊ म्हणाले.

मी कान काढला, पण आवाज गेला नाही. भरदुपारी, लख्ख उन्हातही तो कानात करकरत राहिला. माय बुंध्याशी वाकून काय बघायची ते मला तेव्हा कळलं. ती भुसा बघत होती. रोज. चाळीस वर्षं.

भाऊंनी भोकात तार घालून फिरवली आणि एक अळी बाहेर ओढली. अंगठ्याएवढी जाड, पांढरी, तोंड काळं. ती मातीवर वळवळत राहिली. माझा विश्वास बसेना की घराएवढी फांदी हिने पाडली. मग औषधाचा बोळा भोकात कोंबायचा आणि वरून चिखलाने लिंपायचं. भाऊंनी चुना आणि मोरचूद कालवून बुंध्यांना लेप दिला. पोकळ फांद्या त्यांनी उतरवल्या. खोबऱ्याचा अर्धा भाग उरला. तो पाडायचा का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी आबांना विचारून सांगते म्हणाले. चिरडून गेलेली सोडून एकशे आठ कलमं उरली होती. त्यांतली निम्मी पाण्यावाचून माना टाकून होती. ती बघून मला वाईट वाटलं नाही, हे खरं आहे. मला वाटलं, मरू देत.

धुळ्याला परत आले. आबा जागे होते. मी त्यांच्या कानात यंत्र घातलं, म्हणजे ऐकू आलं नाही असं म्हणायला जागा नको.

"आबा, कलमं लावायची नाहीत."

"का?"

"सव्वीस झाडांतली नऊ किडलीत. त्यांना दर महिन्याला बघावं लागणार. भाऊ तीन दिवस, मी एक दिवस. नवी एकशे आठ कोण बघणार? मला दोन्ही जमणार नाही. आणि मला त्या झाडांखाली तुम्हाला पुन्हा शोधायचं नाही."

बोलता बोलता माझा आवाज चढला होता. आबा छताकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, तू घाबरस कितली.

"मी बी घाबरस," ते म्हणाले.

मी पलंगाच्या काठावर बसले.

"तुनी माय गयी ना, तवयपासीन मी त्या झाडेसकडे पाहू शकत नही. जठे पाहू तठे ती वाकेल दिसस. सव्वीस ठिकाणी." त्यांना धाप लागली. "नव्या रोपेसमा कोनी दिसत नही. म्हनीसन आनात."

"मग कलमं त्याच झाडाखाली का ठेवली?"

"सावली चांगली व्हती," ते म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे केलं. खांदे हलत होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बरगड्यांना लागेल म्हणून दाबला नाही. मला इतके दिवस वाटत होतं की भीती फक्त मलाच आहे आणि हा म्हातारा नुसता हट्टी आहे.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनीच विषय काढला. म्हणाले, तीस ठेवू. मी म्हटलं, वीस. ते म्हणाले, तीस, आणि उरलेली भाऊंना दे, पाड्यावर ज्याला हवी त्याला दोन-दोन, चार-चार वाटू देत, घरामागे लावतील, सांडपाण्यावर जगतील. शेवटी तीसच ठरली. ठिबकच्या नळ्या मात्र आधी जुन्या झाडांना जोडायच्या, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. खोबऱ्याचं विचारलं तेव्हा म्हणाले, राहू दे.

जूनच्या मध्याला मी शेतावर एकटी असताना वादळ आलं. संध्याकाळचे पाच वाजले असतील. शिरपूरकडून काळं आभाळ आलं आणि वाऱ्याने अंगणातली खाट उचलून भिंतीवर आपटली. मी घरात दार लावून बसले. बाहेर प्रत्येक झाडाचा आवाज वेगळा येत होता, आणि मी मनात एकेकाचं नाव घेत होते. साखऱ्या. शेंदऱ्या. लोट्या. ज्यांची भोकं बुजवली होती त्यांचं तर पुन्हा पुन्हा. कुठेतरी मोठ्याने मोडलं. मी डोळे मिटून घेतले. खोबऱ्याच असणार, अशी माझी खात्री होती.

वारा पडल्यावर बाहेर आले. खोबऱ्या अर्धा होता तसा उभा होता. नऊच्या नऊ किडकी झाडं उभी होती. मुळापासून उपटून आडवा पडला होता तो शेंदऱ्या, ज्याला ठोकल्यावर भाऊ म्हणाले होते, ह्याची काळजी नको. त्याच्या मुळांना माती चिकटलेली होती आणि आतलं लाकूड पिवळंधमक, निरोगी. मी त्याच्याजवळ बराच वेळ उभी राहिले. ठोकून, ऐकून, लेप लावूनही कशाची हमी मिळत नाही, हे मला त्या दिवशी कळलं आणि ते कळल्याने भीती कमी झाली नाही, वाढलीच.

पंधरवड्याने शेंदऱ्याच्या खड्ड्यात भाऊंनी एक कलम लावलं. बाकीची एकोणतीस पश्चिमेच्या बांधाकडे. माझ्या रविवारची पद्धत ठरून गेली. आधी पंचवीस जुनी झाडं, बुंध्याशी वाकून, भुसा आहे का बघत. ते झाल्याशिवाय नव्यांकडे जायचं नाही. काही रविवारी नव्यांपर्यंत पोचायच्या आत बसची वेळ होई. त्या पावसाळ्यात सात कलमं गेली. संध्याकाळी घरी परतल्यावर आबांनी विचारलं की मी खरा आकडा सांगायचे.

ऑक्टोबर लागताच आबा वॉकर घेऊन शेतावर परतले. मी दोन महिने बिनपगारी रजा घेतली. पहिल्या दिवशी त्यांची खाट मी ओट्यावर टाकली, पत्र्याच्या सावलीत. ऑक्टोबरचं ऊन, पत्रा तापलेला. ते घामाने भिजले, पण काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पोरी, मी आठे भाजाई राहिनू."

"झाडाखाली नेणार नाही."

"मंग कधीच नही का?"

मी फावडं घेऊन कलमांकडे गेले, उगीच तण काढत बसले. परत आले तर आबा वॉकर धरून अंगण ओलांडत होते. एक पाऊल, थांबणं, एक पाऊल. मी त्यांना अडवायला धावले, आणि अडवलं नाही. ओट्यावरची खाट उचलली आणि साखऱ्याखाली नेऊन टाकली. भाऊंनी तो चार दिवसांपूर्वीच ठोकून बघितला होता. मी पुन्हा एकदा ठोकला. मग वरच्या फांद्या एकेक करून बघितल्या. आबा खाटेच्या काठाशी उभे राहून माझं होईपर्यंत थांबले, घाई केली नाही. मग आडवे झाले आणि पाच मिनिटांत झोपले.

मी शेजारी जमिनीवर बसले. पान सळसळलं की वर बघायचे. साळुंक्या उडाल्या तरी बघायचे. चार वाजेपर्यंत सावली सरकत सरकत त्यांच्या पायांवरून गेली आणि तोंडावर ऊन आलं, तेव्हा मी त्यांना चहासाठी उठवलं.